उजवा मागचा पाय

खुलताबादच्या जुन्या तटबंदीला सात दरवाजे. त्यातल्या एकाचं नाव लंगडा दरवाजा. त्याच बाजूच्या एका घराच्या ओट्यावर, डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात, मामा आणि भाची बसले आहेत. मामा पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते. सगळी नोकरी दवाखान्यात, गोठ्यांत आणि बैलबाजारांत गेली. भाची मेलबर्नला असते, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आली आहे. तिनं मोबाइल पुढे केला. फोटोत काळ्याभोर रंगाचा, लांबलचक, बरगड्या मोजता येतील असा एक कुत्रा सोफ्यावर चारी पाय वर करून झोपलेला.

मामांनी त्याचं नाव विचारलं नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले.

“उजवा मागचा मोडला होता ना याचा?”

“तुम्हाला कसं कळलं, मामा?”

“दोन्ही घोटे सारखे नाहीत. उजव्याला गाठ आहे, आणि ती सूज नाही. हाड जुळून आलंय.”

मामा-भाची या लेखापुरते आहेत; ते बोलतात त्यातल्या तारखा, आकडे आणि हाडं मात्र खरी आहेत. भाचीनं शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड घरी आणला आहे. वय साडेचार वर्षं, वजन एकतीस किलो, पायात दोन स्क्रू. पळणं संपल्यावर स्वयंसेवकांच्या एका छोट्या गटानं त्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि घर शोधलं. मामांना हा व्यवहार पटलेला नाही.

“घ्यायचाच होता तर धडधाकट घ्यायचा. आपण बाजारात जनावर घेताना काय बघतो? दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. मोडलेलं जनावर कोणी पैसे मोजून घरी आणतं का?”

“मी बाजारात गेलेच नव्हते. तिथे सात कुत्रे होते. सहा जणांना भेटायला माणसं येत होती. याच्या जाळीवर ‘जुनी दुखापत’ असं लिहिलं होतं, तर लोक वाचायचे आणि पुढे जायचे.”

“म्हणजे दया आली.”

“आली. पण दयेवर आणला नाही. आधी एक्स-रे मागवला, पशुवैद्याला दाखवला, मग सही केली.”

एक्स-रे म्हटल्यावर मामा सावरून बसले. भाचीच्या मोबाइलमध्ये तोही होता.

इथे थोडं थांबून त्या घोट्याकडे बघायला हवं, कारण सगळा वाद त्या चार बोटांच्या जागेतून निघतो. कुत्र्याचा मागचा पाय खाली जिथे मागच्या बाजूला कोपरासारखा वळतो, तो त्याचा घोटा. त्यात लहान लहान हाडं एकमेकांत बसवलेली असतात आणि मधोमध एक छोटं हाड सगळ्यांचा भार पुढे पोचवतं. ग्रेहाउंडच्या शर्यतीची धाव लंबगोल असते आणि कुत्रे नेहमी डावीकडे वळतात. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वेगानं डावं वळण घेताना शरीर बाहेर फेकलं जातं आणि ते धरून ठेवण्याचं काम उजव्या मागच्या पायावर येतं. दर शर्यतीत, दर सरावात, त्याच पायावर आणि त्याच हाडावर. हाडही आपल्या परीनं तोंड देतं. उजव्या घोट्यातलं ते मधलं हाड डाव्यापेक्षा जास्त घट्ट होत गेल्याचं शर्यतीच्या कुत्र्यांमध्ये दिसून आलं आहे. पण घट्ट झालेलं हाड लवचिक राहत नाही. त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि एका वळणावर ते फुटतं. म्हणून ग्रेहाउंडचं हे हाड मोडलं की बहुतेक वेळा ते उजवंच असतं. त्याला अपघात म्हणायला जीभ रेटत नाही. धाव आखली तेव्हाच ते ठरलेलं होतं.

“म्हणजे घाण्याच्या बैलासारखं,” मामा म्हणाले. “तेल्याच्या घाण्याचा बैल आयुष्यभर एकाच अंगानं फिरायचा. खांदाही एकाच बाजूनं सोलायचा. पण तो पळत नव्हता.”

मग त्यांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. “स्क्रू चांगले बसलेत. पण इथे, सांध्याच्या कडेला, बघ, खरखरीत झालंय. संधिवात येणार. आज नाही, दोन वर्षांनी. तुझ्या मेलबर्नच्या थंडीत सकाळी उठायला वेळ लावेल.”

“आत्ताच लावतो.”

“मग?”

“घरभर जाजमं टाकलीत. गुळगुळीत लाकडी जमिनीवर पाय फाकतात त्याचे. गाडीत चढायला फळी केली. वजन एक किलोही वाढू देत नाही. दुखण्याचं औषध डॉक्टर सांगतील तेवढंच. आपली आयब्युप्रोफेनची गोळी चुकूनही नाही, कुत्र्याला ती विष आहे.”

मामांनी मान हलवली. ही शेवटची गोष्ट त्यांनी गावोगाव सांगितलेली होती, आणि तरी दर पावसाळ्यात कुणीतरी कुत्र्याला घरातली गोळी चारून दवाखान्यात आणायचंच.

ग्रेहाउंडची ही अंगकाठी मराठवाड्याला परकी नाही. पातळ कंबर, खोल छाती, लांब तोंड आणि डोळ्यांनी सावज हेरून पळणारी जात आपल्याकडेही आहे. लातूर-उदगीरकडे तिला कारवान म्हणतात, अंगावर रेशमी केस असतील तर पश्मी. सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच रक्ताची निगुतीनं पैदास केली. २००५ मध्ये टपाल खात्यानं मुधोळ हाउंडवर तिकीट काढलं, पुढे लष्करानंही हे कुत्रे घेतले. मामांच्या लहानपणी तांड्यावरचे आणि वाड्यावरचे असे कुत्रे सशामागे सोडत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तो गुन्हा झाला.

“पण आमच्या त्या कुत्र्याला पळायला लावणारा माणूस आणि खायला घालणारा माणूस एकच होता,” मामा म्हणाले. “पाय मोडला तर दारात लंगडत पडायचा. दारातून जायचा नाही. तुझ्या तिकडे पळवतो एक, पैसे लावतो दुसरा आणि निस्तरतेस तू.”

हा मामांचा खरा मुद्दा आहे, आणि तो हलका नाही.

कुत्र्यांच्या आजच्या शर्यतीचं मूळ १९१९च्या अमेरिकेत आहे. ओवेन पॅट्रिक स्मिथ या माणसानं कॅलिफोर्नियात रुळावरून धावणारा यांत्रिक ससा चालवून दाखवला आणि रानातली शिकार लंबगोल मैदानात आणली. १९२६ मध्ये ती मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला पोचली, मग इंग्लंडभर, आणि ऑस्ट्रेलियातही. तिकीट, पैज, पेटीतून सुटणारे आठ कुत्रे, अंगावर लाल, निळा, पिवळा, गुलाबी असे ठरलेले रंग. जिंकणारा एक. उरलेल्या सातांचं पुढे काय होतं, हे कित्येक दशकं कोणी मोठ्यानं विचारलं नाही.

विचारलं गेलं २०१५ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वाहिनीनं सराव देताना जिवंत प्राण्यांचा आमिष म्हणून वापर होत असल्याचं चित्रीकरण दाखवलं. न्यू साउथ वेल्स राज्यानं माजी न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांचा आयोग नेमला. २०१६च्या त्याच्या अहवालातला आकडा वाचताना पान उलटवत नाही. आधीच्या बारा वर्षांत त्या एका राज्यात ९७,७८३ ग्रेहाउंड जन्माला घातले गेले. त्यांतले किमान ४८,८९१ आणि कदाचित ६८,४४८ पुरेसे वेगवान नाहीत किंवा शर्यतीच्या कामाचे नाहीत म्हणून मारले गेले. सरकारनं जुलैमध्ये बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये मागे घेतली.

“हे माहीत असून त्यांचा कुत्रा तू घेतलास?” मामांचा आवाज चढला. “आगं, हेच तर त्यांना पाहिजे. मोडलेले कुत्रे तुमच्यासारखी माणसं उचलून नेतात, यांच्या आवारात जागा होते, नवीन पिल्लं येतात. वर सांगायला मोकळे, की बघा, आमचे कुत्रे आता सोफ्यावर झोपतात!”

भाचीनं हे नाकारलं नाही. व्हिक्टोरिया राज्यात शर्यती चालवणारी संस्था स्वतःच १९९६ पासून दत्तक कार्यक्रम चालवते आणि त्यातून हजारो कुत्रे घरी गेले आहेत. कार्यक्रम चांगला चालतो हे खरं आणि त्यातून शर्यतीचा चेहरा उजळतो हेही खरं.

“पण मामा, उद्या सगळ्यांनी ठरवलं की आम्ही एकही नेणार नाही, तर शर्यत थांबेल का? आधी ते जाळीतले सात मरतील. शर्यत थांबवायची ती मतानं, कायद्यानं. त्यासाठी मी सही करते, पत्र लिहिते, मतदान करते. कुत्रा आणला म्हणून ते करायचं थांबले नाही. आणि खरं सांगू? आणला म्हणूनच करायला लागले. त्याआधी मला त्या मैदानाचा पत्ताही माहीत नव्हता.”

तिच्या म्हणण्याला अलीकडच्या घडामोडींचा आधार आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २०१८ मध्ये मतदारांनीच कौल दिला आणि २०२० संपताना तिथली मैदानं बंद झाली. आज त्या देशात वेस्ट व्हर्जिनियातली दोनच उरली आहेत. न्यूझीलंडनं डिसेंबर २०२४ मध्ये शर्यती बंद करण्याचं जाहीर केलं, वेल्सनं फेब्रुवारी २०२५ मध्ये. रस्त्यावर पट्ट्याला बांधलेला, लंगडणारा, मुलांना हात लावू देणारा कुत्रा शेजाऱ्यांनी रोज पाहिला, हे या निर्णयांमागचं एकमेव कारण नक्कीच नाही. पण ते एक कारण आहे, असं प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटतं. कागदावर जखमा वाचणं वेगळं. ब्रिटनमधल्या शर्यतींच्या नियामक संस्थेनंच २०२३ मध्ये ४,२३८ जखमा आणि मैदानावरचे १०९ मृत्यू नोंदवले आहेत. ती ओळ वाचून माणूस चहा पिऊ शकतो. तोच घोटा रोज हातात धरून शेकायचा असेल तर नाही पिऊ शकत.

चहा मामीच घेऊन आल्या. त्यांनी फोटो पाहिला, “किती वाळलंय गं लेकरू” म्हणाल्या. भाचीनं सांगितलं की ही जात अशीच असते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या म्हणजे वजन बरोबर. मामींना ते काही पटलं नाही. “एकनाथांना देवगिरीवर दत्त भेटले ते मलंगाच्या वेशात, सोबत कुत्रं घेऊन,” एवढं त्या म्हणाल्या, कपबश्या ठेवल्या आणि आत गेल्या. देवगिरी इथून घाट उतरला की समोर दिसतो. या भागात ही कथा लहान मुलांनाही ठाऊक असते, त्यामुळे तिच्यावर कोणी भाष्य केलं नाही.

मामा मात्र एका गोष्टीत हळूहळू गुंतत गेले, आणि ती म्हणजे त्या कुत्र्याचं रक्त. इतर कुत्र्यांत तांबड्या पेशींचं प्रमाण पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास असतं. ग्रेहाउंडमध्ये ते पन्नास ते पासष्ट. थायरॉइडचं संप्रेरक मुळातच कमी, प्लेटलेटही कमी. ज्या डॉक्टरनं ही जात पाहिलेली नाही तो रिपोर्ट बघून निरोगी कुत्र्याला आजारी ठरवू शकतो. आणि भुलीचं औषध?

“थायोपेंटोन,” मामा म्हणाले. “आम्ही सर्रास द्यायचो.”

“याला नाही चालत. अंगात चरबी नाही आणि यकृत ते औषध सावकाश फोडतं. तासन्‌तास शुद्धीवर येत नाहीत हे कुत्रे. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तस्राव सुरू होण्याचाही धोका असतो.”

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “बघ, एवढी वर्षं केलं, पण हे मला माहीत नव्हतं.” एखाद्या गोष्टीवर आयुष्यभर हात फिरवलेला माणूस असं कबूल करतो तेव्हा वाद जिंकल्याचा आनंद होत नाही, आदर वाटतो. भाचीलाही तो वाटला असावा, कारण पुढचा प्रश्न तिनंच विचारला.

“तुमच्या दवाखान्यात यायचे का, मामा? शर्यतीतले?”

“बैल यायचे.”

मराठवाडा-विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, पुणे-सांगलीकडे बैलगाडा शर्यत. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टूबरोबर या शर्यतीही बंद केल्या. राज्यानं २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. नियमांप्रमाणे धाव एक हजार मीटरपेक्षा लांब असू नये, काठी-चाबूक लावू नये, जनावराची आधी तपासणी व्हावी. जनावराला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. शर्यतीवर प्रेम करणारे शेतकरी सांगतात की शर्यत आहे म्हणून खिलार टिकली, नाहीतर ट्रॅक्टरनं ती केव्हाच संपवली असती. यात तथ्य आहे. शर्यतीचा बैल रोज धुतला जातो, खुराक खातो, मालकाच्या मुलांआधी त्याची वैरण येते.

मामांची गोष्ट त्या बैलाची आहे जो एका पटानंतर दवाखान्यात आणला गेला. टेम्पोतून उतरवला तेव्हा पाठीवर गुलाल तसाच होता, शिंगांना गोंडे होते. मागचा पाय गुडघ्याखाली मोडलेला. चारशे किलोचं जनावर तीन पायांवर किती वेळ उभं राहणार? डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, पण घालताना सगळ्यांना माहीत होतं. मालक पहिल्या दिवशी ढसाढसा रडला, दुसऱ्या दिवशी पेंड घेऊन आला, तिसऱ्या दिवशी आला नाही.

“मला राग आला नाही त्याचा,” मामा म्हणाले. “तो कर्जात होता. ज्यांनी त्याच्या बैलावर फेटे उडवले त्यातला एकही आला नाही, त्याचा राग आला. अकरा दिवस लिंबाखाली पडून होता. मी आणि आमचा शिपाई, दोघं मिळून कूस बदलायचो, नाहीतर एका अंगाला फोड येतात. बाराव्या दिवशी गेला.”

२०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे. मोडलेला बैल विकत घेणारा तेव्हापासून कोणी राहिला नाही. मालकानं मरेपर्यंत सांभाळावं, गोशाळेत जागा मिळावी, नाहीतर दावं सोडून द्यावं. त्यातलं तिसरं किती वेळा होतं ते खुलताबाद-कन्नड रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला विचारावं लागत नाही.

“म्हणून म्हणतो,” मामा म्हणाले. “मोडलेलं जनावर घरी आणणं सोपं नाही. तुझा कुत्रा आता आणखी सात-आठ वर्षं जगेल. त्यातली शेवटची तीन त्या पायाची असतील. तू नोकरी बदलशील, घर बदलशील. जिना असलेलं घर घेता येणार नाही तुला.”

“नाही घेणार.”

“मांजर पाळता येणार नाही. मोकळा सोडता येणार नाही.”

“सोडत नाहीच. आमच्याकडे २०१९ पासून पाळीव ग्रेहाउंडला मुसकी लागत नाही, पण पट्टा कायद्यानंच लागतो. सुटला तर शंभर मीटरवर जाईपर्यंत त्याला माझी हाक ऐकूसुद्धा येणार नाही.”

“आणि झोपेत हात लावू नको त्याला.”

“हे तुम्हाला कसं माहीत?”

“आयुष्यभर एकटा जाळीत झोपलेलं जनावर. अंगाला कोणी लागलं की दचकून तोंड टाकणारच. आधी हाक मार, डोळे उघडू दे, मग जवळ जा.”

तो तसाच होता. पहिल्या आठवड्यात भाचीच्या नवऱ्याच्या मनगटावर दात उमटले होते, हे तिनं तेव्हा सांगितलं. जिना म्हणजे काय हे त्या कुत्र्याला माहीत नव्हतं. काचेचं दार माहीत नव्हतं, त्यावर नाक आपटून घेतलं. आरसा, धुण्याचं मशीन, पाऊस पत्र्यावर पडल्याचा आवाज, सगळं नवं. चार वर्षांचा, शर्यती पळालेला प्राणी, आणि घर नावाची वस्तू त्यानं पाहिलेली नव्हती. तीन आठवडे तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहायचा आणि आत येऊ का असं बघायचा.

“इथे रस्त्यावर काय कमी आहेत?” हा मामांचा शेवटचा आक्षेप होता, आणि समोरच्या गल्लीत एक तांबडी कुत्री पिलांना पाजत पडली होती, त्यामुळे तो पोकळ नव्हता. भाचीनं उत्तर दिलं नाही. ती मेलबर्नला राहते. जिथे राहते तिथलं मोडलेलं तिनं उचललं. पण खुलताबादला, संभाजीनगरला, पुण्याला राहणाऱ्यानं हौसेसाठी आयता जातिवंत ग्रेहाउंड शोधत फिरू नये. प्रस्तुत लेखकाचं या बाबतीत मामांशी पूर्ण एकमत आहे. परदेशातून पैदाशीसाठी कुत्रे आणायला २०१६ मध्ये आपल्याकडे बंदी घातली गेली, आणि आपल्या उन्हाळ्यात, आपल्या फरशीवर, आपल्या रस्त्यांवर ज्याचं शरीर तयार झालंय तो कुत्रा दारातच आहे.

बाकी वादात मात्र भाचीचं पारडं जड वाटतं. जखमी प्राणी घरी नेल्यानं शर्यतीवाल्यांची जबाबदारी संपत नाही, ती त्यांच्याकडून वसूल केलीच पाहिजे. ग्रेहाउंडची असो की बैलाची. पण वसुली होईपर्यंत तो पाय कोणीतरी शेकायचा असतो.

संध्याकाळी मामांनी कपाटातून एक जुनी वही काढली आणि तिच्यासाठी एका पानावर लिहून दिलं: सकाळी उठल्यावर घोटा आधी शेकणे, मग चालवणे. चालणं थोडं, पण दोनदा. नखं वाढू न देणे, वाढली की पाय तिरका पडतो. दर सहा महिन्यांनी वजन, वर्षातून एकदा एक्स-रे. पान फाडून दिलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कुत्र्याचं नाव विचारलं.

आता जत्रांचा हंगाम येतोय. शंकरपटाला जाल, बैलांवर गुलाल उडेल, तुम्हीही उडवाल. त्यात काही वावगं नाही. जिंकलेल्या जोडीच्या मालकाचं अभिनंदन करायला पुढे गेलात, तर त्याची गेल्या सालची जोडी आता कुठे आहे, एवढं आवर्जून विचारा.